नानांनी टाकलेले प्रश्न

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, हे मला चौथीच्या भूगोलापासून माहीत होतं. आमचे खासदार विश्वंभरनाना यांनाही ते माहीत असणारच, पण त्याची त्यांना कधी अडचण झाली नाही. त्यांनी लोकसभेत दीपगृहांवर प्रश्न विचारला, मासेमारी बंदरांवर विचारला, प्रवाळ बेटांवर विचारला, आणि एकदा तर खोल समुद्रात जाणाऱ्या बोटींना डिझेलवर सवलत का मिळत नाही म्हणून सरकारला धारेवर धरलं. लेखी, अर्थात. नाना कुणालाही धारेवर धरायचे ते लेखीच धरायचे.

बीडला पत्रकार परिषदेत एका तरुण वार्ताहराने विचारलं, "नाना, आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई, आन तुमी दीपगृहाचं विचारता?"

नाना चहा बशीतच प्यायचे. त्यांनी बशी शांतपणे खाली ठेवली, मिशी पुसली आणि म्हणाले, "मी काय नगरपालिकेचा मेंबर हाय का बे? देशाचा खासदार हाय. समुद्र देशात हाय का न्हाई?"

"हाय."

"मग लिही तसं."

त्याने तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की खासदारांनी सागरी सुरक्षेचा मुद्दा लावून धरला. पाटोद्याच्या बाजारात लोक एकमेकांना तो पेपर दाखवत होते. नाना लई वर गेले बुवा, असं सगळ्यांचं मत पडलं.

दीपगृहाचा तो प्रश्न मी लिहिला होता. मी पाटोद्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मी नानांकडे नोकरीला का गेलो हे सांगावं लागणार नाही. मुलाखत त्यांच्या बीडच्या ऑफिसात झाली. नाना पाय वर घेऊन कोचावर बसले होते.

"इंग्रजी लिव्हता येतं का, परफेसर?"

"येतं."

"आन हिंदी?"

"तीही येते."

"मग या उद्यापासून. बोलाया मी हाय."

अशी आमची वाटणी ठरली. लिहायचं मी, बोलायचं त्यांनी. पण नाना बोलायचे ते बीडमध्ये, आणि मी लिहायचो ते दिल्लीला. दिल्लीत बोलणं या वाटणीत कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं, हे आमच्या लक्षात यायला बराच काळ गेला.

लोकसभेतले प्रश्न दोन जातींचे असतात. एक तारांकित. त्याला मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचं, मग विचारणाऱ्या खासदाराने उभं राहून आणखी खोदून विचारायचं, आणि मंत्र्याला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागतं. दुसरा अतारांकित. त्याचं उत्तर कागदावर येतं आणि कागदावरच राहतं. कुठला प्रश्न लागायचा हे सोडतीत ठरतं. सोडतीच्या बाबतीत आमचं नशीब बीडचंच असल्यामुळे आमच्या वाट्याला कायम बिनताऱ्याचे यायचे. नानांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. उलट बरंच होतं, कारण बिनताऱ्याच्या प्रश्नाला हजर राहावं लागत नाही.

आता इतके प्रश्न कशासाठी, तर प्रश्न मोजणारी एक संस्था आहे. कुठल्या खासदाराने किती विचारले हे ती मोजते आणि जास्तवाल्याला शाल, श्रीफळ आणि काचेचं एक उभं काहीतरी देते. त्या प्रश्नांचं पुढे काय झालं हे मोजणारी संस्था अजून निघालेली नाही. नानांना ते काचेचं उभं काहीतरी लागोपाठ मिळत गेलं, आणि ऑफिसात त्यासाठी एक वेगळं कपाट झालं.

अधिवेशन सुरू असलं की रोज सकाळी नानांचा फोन यायचा. नाना जिल्ह्यात कुठेतरी, मी दिल्लीत त्यांच्या क्वार्टरमध्ये.

"टाकले का?"

"टाकले."

"सगळे?"

"नियमात बसतात तेवढे सगळे."

"शाब्बास. आज मला गेवराईकडं एक मौत हाय. ठेवतो."

प्रश्न 'विचारला' असं नाना कधी म्हणायचे नाहीत. प्रश्न 'टाकला' म्हणायचे. त्यांचं म्हणणं, आपण टाकत जायचं, उगवलं तर उगवलं. शेतकरी घरातला माणूस, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटायचं. पेरल्यावर शेतकरी निदान शेताकडे चक्कर तरी मारतो, एवढं मात्र कुणी त्यांना म्हटलं नाही.

ऑफिसात माणूस तक्रार घेऊन आला की इतर पुढारी त्याला शिफारसपत्र देतात. नाना प्रश्न द्यायचे. "तुजा प्रश्न दिल्लीत टाकतो," म्हटलं की माणूस अर्धा बरा व्हायचा. उत्तर आलं की त्याची प्रत काढायची, लॅमिनेट करायची आणि नानांनी जाहीर कार्यक्रमात ती त्या माणसाच्या हातात द्यायची, अशी पद्धत पडली होती. टाळ्या, फोटो, गळ्यात हार. उत्तरात काय लिहिलंय हे बघायची पद्धत मात्र पडली नव्हती.

सिरसाळ्याच्या दगडूबाची म्हैस मेली आणि विमा कंपनीने काहीतरी खुसपट काढून हात वर केले. नानांनी त्याच्या म्हशीचा प्रश्न टाकला. म्हणजे मी देशातल्या दुभत्या जनावरांच्या विम्याबद्दल विचारलं आणि त्यात दगडूबाची म्हैस कशीबशी बसवली. उत्तर आलं, लॅमिनेट झालं, दगडूबाचा सत्कार झाला. महिनाभराने तो कागद धोतराच्या सोग्याने पुसत परत आला. शाळेतल्या पोराकडून त्याने तो वाचून घेतला होता.

"नाना, ह्यात तर 'नाही, महोदय' असं हाय म्हनं. आन खाली 'प्रश्न उद्भवत नाही'. म्हंजी म्हशीचं न्हाईच का?"

मी खाली मान घातली. नाना डगमगले नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला आणि बोट ठेवून दाखवलं.

"आरं, नाही तुला म्हनलेत का? मला म्हनलेत. आन कसं म्हनलेत? म्होदय म्हनलेत. देशाचं सरकार तुज्या म्हशीपायी मला म्होदय म्हनतंय, दगडूबा. आजून काय पायजे?"

दगडूबाने जरा विचार केला. मग खूश होऊन गेला. पुढे मी सिरसाळ्याला गेलो तेव्हा त्याच्या घरात तो कागद फ्रेम करून लावलेला होता. शेजारी म्हशीचाही फोटो होता, त्याला हार घातलेला. ही गोष्ट जिल्ह्यात इतकी पसरली, की नकाराचं पत्र कुणाला आलं की लोक पहिल्यांदा विचारायचे, म्होदय म्हनलेत का?

चर्चेत नाना एकदाच बोलले. बजेटवरची चर्चा होती, आणि पक्षाने शेवटी शेवटी उरलेली चार-दोन मिनिटं त्यांच्या पदरात टाकली. मी दुष्काळावर भाषण लिहून दिलं. नाना तीन दिवस ते आरशासमोर पाठ करत होते. मला वाटलं, आता जिल्ह्याचं काहीतरी सभागृहाच्या कानावर जाईल.

पण आमच्याकडची भाषणाची एक रीत आहे. व्यासपीठावरच्या एकाचंही नाव सुटता कामा नये. नाव सुटलं की माणूस तुटला. सरपंचाचं घेतलं आणि सोसायटीच्या चेअरमनचं राहिलं, तर पुढच्या निवडणुकीत अख्खी भावकी फिरते. ही रीत नानांच्या हाडात मुरलेली. ते उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली. सन्माननीय अध्यक्ष महोदय. सन्माननीय पंतप्रधान. समोर बसलेले सगळे सन्माननीय मंत्री, खात्यासकट. विरोधी बाकांवरचे ज्येष्ठ नेते. आपल्या डाव्या हाताला बसलेले ओडिशाचे बंधू, त्यांचं नाव नानांनी आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं. मागच्या बाकावरच्या भगिनी. अध्यक्ष म्हणाले, विषयावर या. "तेच येतो," म्हणून नानांनी राहिलेली दोन राज्यं घेतली. घंटा वाजली. नानांनी माझं भाषण उचललं आणि ते पटलावर ठेवण्याची परवानगी मागितली. परवानगी लगेच मिळाली. दुष्काळ तसाच घडी न मोडलेला पटलावर गेला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्यात त्या भाषणाची रील फिरली. मागे हलगी आणि वर अक्षरं, 'दिल्लीत घुमली बीडची डरकाळी'. आत नुसते नमस्कार होते. शिरूर कासारला एका हॉटेलात मी स्वतः ऐकलं, एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "काय बी म्हन, पर नाव कुनाचंच सोडलं न्हाई गड्यानं."

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, हा माणूस निव्वळ सोंगाड्या दिसतो. तसा तो असता तर मला सोपं गेलं असतं. नाना जिल्ह्यात होते ना, तेव्हा खरे होते. लग्नसराईत एका दिवसात ते निम्मा जिल्हा पालथा घालायचे. प्रत्येक मांडवात बसायचे, ताटावर बसून दोन घास तरी खायचे, नवरीच्या मामाला नावाने हाक मारायचे. कोण कुणाचा साडू, कुणाची बहीण कुठे दिली, कुठल्या घरात भावाभावांत बोलणं नाही, हे सगळं त्यांना पाठ. पाटोद्याकडे मेंढरं राखणारा एक म्हातारा वारला. त्याच्या धाकट्या बहिणीचं सासर कुठलं हे त्याच्या पोरांनाही धड सांगता येईना. नानांनी गावाचं नाव सांगितलं, तिला आणायला स्वतःची गाडी पाठवली आणि ती येईपर्यंत मातीला बसलेल्या लोकांत खाली बसून राहिले. ती बहीण भावाचं तोंड बघायला पोचली ती नानांमुळे. असली कामं त्यांनी किती केली असतील याचा हिशोब कुठली संस्था ठेवत नाही.

मी त्यांना एकदा म्हटलं होतं, की नाना, अधिवेशनाला जरा जास्त दिवस थांबा. त्यांनी माझ्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं. "दिल्लीत मला कोन वळखतं, परफेसर? तिथं मी न्हाई गेलो तर कुनाचं काय अडतं? हितं मी न्हाई गेलो तर लोकं मढं उचलत न्हाईत." आणि ते खोटं नव्हतं.

आणि मग मंडाबाई आल्या.

शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवरची ही बाई. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची आणि उन्हाळा लागला की परत यायची, तिकडच्या बहुतेक घरांसारखीच. ऑफिसात खुर्च्या रिकाम्या असताना खाली बसली. थोरली मुलगी शीतल लहानपणीच आईबापाबरोबर फडावर गेली, तिची शाळा पाचवीत सुटली. धाकटी कोमल मात्र शिकत होती, कारण वस्तीवरच्या शाळेत हंगामापुरतं वसतिगृह चालायचं. आईबाप तोडीला गेले की पोरं तिथे राहायची, जेवायची, शाळा शिकायची. ते वसतिगृह बंद झालं होतं. वरून निधी येत नाही म्हणून सांगितलं गेलं. वर म्हणजे कुठे, हे विचारत विचारत बाई नानांपर्यंत आली होती.

"नाना, ह्या साली कोमल आत्याकडं ठिवली. आत्या म्हनली, पुढच्या साली न्हाई जमायचं. मला तिला फडावर न्यायची न्हाई. दुसरं काय मागत न्हाई तुमाला."

"तुजा प्रश्न टाकतो बाई. दिल्लीत."

"टाका की. पर टाकून कुठं पडतो त्ये बी बघा."

नानांना असं बोललेलं चालायचं नाही, पण त्या दिवशी ते हसले. बाई गेल्यावर मला म्हणाले, "जिभेला हाड न्हाई हिच्या. टाका, परफेसर, हिचा रोज टाका."

मी रोज टाकला. दीपगृहं बाजूला ठेवली आणि वसतिगृहाचा प्रश्न शब्द बदलून बदलून देत राहिलो. आणि बजेट अधिवेशन संपत आलं असताना, चैत्रात, सोडतीत तो निघाला. तारांकित. यादीतही वरच्या पाचांत. खालचे प्रश्न वेळ संपल्यामुळे राहून जातात, वरचे पुकारले जातातच. शेजारच्या क्वार्टरमधल्या खासदारांकडे एक जुने सहायक होते. ते मला म्हणाले, "तुमच्या साहेबांना फक्त उभं राहायला सांगा. समोर उभ्या माणसाला मंत्री तोंडावर नाही म्हणत नाही. बघतो म्हणतो. आणि सभागृहात बघतो म्हटलं की खात्याला ते बघावं लागतं." मी यादीचा तो दिवस बघितला. त्या दिवशी शीतलचं लग्न होतं. पत्रिका माझ्याच टेबलावर होती.

मी आधी मंडाबाईंना फोन लावला. मागे मांडवाचं सामान उतरवल्याचे आवाज येत होते. सगळं नीट समजावून सांगितलं. बाईने एकदाच विचारलं, "नाना उभं राह्यलं तर होईल म्हनता?"

"होण्यासारखं आहे."

"मग नानाला म्हनावं, तितंच ऱ्हावा. लगीन काय, लागतंच. अक्षता टाकाया लोकं लई हायेत. सर, तुमी मातूर सांगा त्यांना. माझं नाव घेऊन सांगा."

मी नानांना फोन करून तिचं नाव घेऊन सांगितलं.

"बाई तसंच म्हननार, परफेसर. मोठ्या मनाची हाय. पर मनातून तिला वाटतंच का न्हाई, नाना यावेत म्हनून?"

"नाना, तिचाच प्रश्न आहे."

"म्हनून तर गेलं पायजे. आन तिकडून आपला इरोधक येनार हाय, टॉवेल-टोप्या घेऊन. त्यो मांडवात आन मी न्हाई, तर वस्ती कुनाची? प्रश्न कुठं पळून जातोय का? त्यो टाकलाय की."

खरं सांगतो, त्या क्षणी मला नानांचा फार राग आला. पण मी ज्यांचा पगार खातो त्यांच्यावर रागवायची तासिका तत्त्वावरही सवलत नसते. लग्नाला त्यांनी मलाही बोलावलं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी विमानाने मी संभाजीनगरला उतरलो, नानांनी मला तिथून गाडीत घेतलं. सकाळी प्रश्नोत्तराचा तास लागला तेव्हा आम्ही वस्तीच्या मांडवात शिरत होतो.

मी मांडवाच्या कडेला, जिथे मोबाइलला जरा रेंज येत होती तिथे उभा राहिलो आणि संसदेचं चॅनल लावलं. इकडे स्पीकरवर निवेदक सुटला होता. "आपल्या सर्वांचे लाडके, दिल्लीचं अधिवेशन सोडून, खास आपल्या शीतलताईला आशीर्वाद द्यायला आलेले खासदार विश्वंभरनाना यांचं आगमन झालेलं आहे." मांडव टाळ्यांनी भरून गेला. नानांनी हात जोडले, सगळ्या बाजूंनी वळून जोडले. तेवढ्यात माझ्या हातातल्या मोबाइलमध्ये अध्यक्षांनी त्यांचं नाव पुकारलं. परत एकदा पुकारलं. नाना इकडे फेटा बांधून घेत होते. मोबाइलमध्ये अध्यक्षांनी पुढच्या खासदाराचं नाव घेतलं, आणि कुणीतरी दुसराच, दुसऱ्याच राज्याच्या कशाबद्दल तरी बोलायला उठला. मी मोबाइल खिशात घातला.

अख्ख्या मांडवात नाना आल्याचं वाईट वाटलेली एकच बाई होती. ती नवरीची आई होती. हातात अक्षतांचं ताट घेऊन ती गर्दीतून वाट काढत आली. नवं लुगडं, कपाळाला मळवट. नानांच्या समोर उभी राहिली.

"नाना, तुमी हितं कावून?"

"आगं, तुज्या लेकीचं लगीन आन मी येनार न्हाई?"

"लग्नाला समदी हायेत." तिने मांडवाकडे हात केला. "तितं कोन हाय?"

आजूबाजूचे लोक हसले. त्यांना ते बाईचं नेहमीचं तिखट बोलणं वाटलं. नानाही त्यांच्याबरोबर हसले. "तितं प्रश्न हाय की. उत्तर येतंय लेखी." बाईने त्यांच्या मुठीत अक्षता दिल्या, विरोधी पक्षाच्या त्या माणसाच्याही मुठीत दिल्या आणि पुढे गेली. कोमल तिच्या मागे पाण्याचे ग्लास घेऊन फिरत होती. मंगलाष्टकं सुरू झाली. नानांनी सगळ्या अक्षता नेम धरून टाकल्या.

परतताना गाव मागे पडल्यावर नाना गाडीत म्हणाले, "माझं नाव पुकारलं का तितं?"

"पुकारलं."

"नीट घेतलं का? विश्वंभर म्हनता येत न्हाई तिकडच्यांना."

"नीट घेतलं. दोनदा घेतलं."

"मग?"

"मग पुढच्याचं घेतलं."

उत्तर रिवाजाप्रमाणे पटलावर ठेवलं गेलं होतं. योजना राज्यांमार्फत राबवली जाते, राज्याकडून प्रस्ताव आल्यास विचार करण्यात येईल. राज्याला विचारलं तर ते म्हणणार, प्रस्ताव मागवल्यास पाठवू. मी ते उत्तर लॅमिनेटला दिलं नाही आणि नानांनीही मागितलं नाही.

पावसाळी अधिवेशनात मात्र एक नवल झालं. नाना दिल्लीत राहिले. रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून अकराच्या आधी सभागृहात जाऊन बसायला लागले. आषाढात आमच्याकडे लग्नं नसतात हे खरं आहे, पण मौतींना काही महिना नसतो, आणि त्या त्यांनी फोनवर उरकल्या. सकाळचा त्यांचा प्रश्नही बदलला. किती टाकले हे विचारणं बंद झालं. "बाईचा लागला का?" एवढंच विचारायचे. मी रोज टाकत होतो आणि तो रोज लागत नव्हता. शेजारच्या त्या जुन्या सहायकांना मी विचारलं, तर ते म्हणाले, सोडत आहे ती, सारखी सारखी दारात येते होय? नाना मात्र सभागृहात जाऊन बसत राहिले. त्यांच्या नावाने कुणी हाक मारली नाही.

दिवाळी झाली. ट्रॅक्टर भरले आणि गेले.

हिवाळी अधिवेशनात तो प्रश्न लागला, बिनताऱ्याचा. उत्तर आलं. त्याच सुमारास कॉलेजने मला पुन्हा तास दिले आणि मी नानांकडचं काम सोडलं. त्यांच्याबरोबर मी शेवटचा गेलो तो त्या उत्तराचा कागद घेऊन. या खेपेला लॅमिनेट नानांनी स्वतः बाजारात जाऊन करून आणलं होतं. हार नव्हता, फोटोवाला नव्हता. मार्गशीर्षात त्या वस्तीवर कुणी नसतं हे नानांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. कोण कधी कुठल्या कारखान्यावर जातो हे त्यांना तोंडपाठ. तरी ते निघाले, म्हणून मीही गेलो.

घरांना कुलपं होती. शाळेच्या त्या खोलीलाही होतं. मंडाबाईंच्या दारासमोर नाना उभे राहिले, कडी हलवून बघितली, उगाच. समोरच्या ओट्यावर एक म्हातारे आबा ऊन खात बसले होते. तोडीला जाण्याचं वय सरलेले, राखणीला मागे ठेवलेले. त्यांनी नानांना ओळखलं आणि उठायला लागले. नानांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं.

"मंडी गेली, नाना. कवाच."

"आन बारकी?"

"ती बी गेली. दप्तर घिऊन बसली ट्रॅक्टरच्या टेलरात. म्हनली, तितं वाचीन." आबांनी नानांच्या हातातल्या चकचकीत कागदाकडे बघितलं. "त्ये तिचंच का? काय लिव्हलंय?"

मी वाचायला पुढे झालो. नानांनी मला हाताने थांबवलं. खिशातून चष्मा काढला, घातला, आणि हिंदीतला सगळा मजकूर, क पासून घ पर्यंत, ओठ हलवत, मनाशी वाचला. बराच वेळ लागला त्यांना. इतक्या वर्षांत आपल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर नाना वाचताना मी पहिल्यांदा बघत होतो.

"न्हाई म्हनलेत," नाना म्हणाले.

आबांनी मान डोलावली. मग नानांचा चेहरा बघून, समजूत घालावी तसं, हळूच विचारलं, "म्होदय तरी म्हनलेत का?"

नानांनी तो कागद दुमडून सदऱ्याच्या खिशात घालायला बघितला. लॅमिनेट केलेला कागद दुमडत नाही. दोन-तीनदा बघितलं, मग तो तसाच काखेत धरून ते गाडीकडे चालायला लागले.